सावत्र बापाचें घर

‘सावत्र’ हा शब्द आपल्या भाषेंत येतो तोच कपाळाला आठी घालून. आपल्या कहाण्यांतील सावत्र आई बहुधा दुष्टच असावयाची. सावत्र बाप तर तेथें क्वचितच भेटतो. ज्यांनीं विधवेचा पुनर्विवाहच वर्ज्य मानला, त्यांच्या कथांत तो यावा तरी कोठून? परंतु मुंबईच्या इतिहासांत एक सावत्र बाप असा होऊन गेला, कीं मोडलेल्या संसारांतून नव्या घरांत जाणाऱ्या मुलांचा विचार करतांना त्याचें स्मरण अवश्य व्हावें. हे गृहस्थ म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. त्यांचे वडील त्या अगदीं लहान असतांनाच वारले. आई जयंतीबाई ज्ञातीनें सुतार; त्या ज्ञातींत पाटास मोकळीक होती. कांहीं वर्षांनीं त्यांनीं विधुर असलेल्या डॉक्टरांशीं विवाह केला. पण तत्पूर्वीं पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नांवें करून दिली. आई नव्या घरीं गेली, तरी मुलीचें जें होतें तें मुलीचेंच राहिलें.

डॉक्टर वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी होते. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा सुधारकाच्या घरींही एक चूक घडलीच. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं लावून देण्यांत आलें. वर दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्याच नात्यांतील. त्यानें सासुरवाडीस राहून शिकावें, असें ठरलें होतें. तें कांहीं साधलें नाहीं. इकडे डॉक्टरांनीं मुलीला अकालीं संसारांत लोटूं दिलें नाहीं, आणि ती घरच्या घरीं पुस्तकें वाचीत शहाणी होत गेली.

१८८४ सालीं दादाजीनें पत्नीवर हक्क सांगितला आणि प्रकरण हायकोर्टांत गेलें. आतां डॉक्टरांची खरी परीक्षा होती. एका बाजूस स्वतःचा नातलग, दुसऱ्या बाजूस पत्नीच्या पहिल्या घरची मुलगी! ते मुलीच्या बाजूस उभे राहिले. मिळकतीच्या लोभानें घरच्यांनीं मुलीला अडवून धरलें, असा आरोप प्रतिपक्षानें केला. सावत्र आईबापांच्या कपाळीं हें दुःख नेहमींचेंच आहे: माया केली तर तींत स्वार्थ दिसतो, आणि अलिप्त राहिलें तर परकेपणा.

निकाल ऐकण्यास मात्र डॉक्टर उरले नाहींत. एप्रिल १८८५ मध्यें ते वारले, आणि त्याच सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. पुढें अपिलानंतर प्रकरण फिरलें. १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं पतीकडे जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास तुरुंग. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या इंग्लंडांत जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

त्यांचें निधन १९५५ सालीं झालें. त्याच वर्षीं हिंदु विवाह कायदा आला. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं व बडोदें संस्थानानें त्याहीपूर्वीं, १९३१ सालीं, हिंदूंना घटस्फोट दिला होता. आतां तो सर्व हिंदूंस मिळाला. त्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमांत अपत्यांच्या ताब्याविषयीं हुकूम देतांना, शक्य तेथें, त्यांची इच्छा विचारांत घ्यावी असें म्हटलें आहे. तत्पूर्वीं १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यानेंही समंजस अज्ञानाची पसंती लक्षांत घेण्याची मुभा न्यायाधीशास दिली होती.

पण न्यायाधीश मुलाला विचारतो तें एखाद्या दिवशीं. घराला तें रोज विचारावें लागतें. आज घटस्फोटानंतर किंवा वैधव्यानंतर पुन्हां मांडलेल्या संसारांत पुष्कळ मुलें वाढत आहेत. ‘आतां हेच तुझे बाबा’ असें फर्मावून त्यांच्या मनांत नातें उगवत नाहीं. जुन्या घराची आठवण त्यांच्यापाशीं राहूं द्यावी, त्यांचें असेल तें त्यांना द्यावें, आणि आपण केलेली चूक दिसतांच, स्वकीयांचा रोष पत्करूनही, त्यांच्या बाजूस उभें राहावें. रखमाबाईंच्या सावत्र बापानें याहून निराळें कांहीं केलें नाहीं. बाप होण्यास तेवढें पुरलें.