मोटारीच्या आधी आलेलं कलम

पेण सोडलं की वडखळ, नागोठणे, मग रोहा तालुक्यातलं कोलाड. मुंबई-गोवा हायवेच्या या पट्ट्यात अपघातात माणूस गेला, की एफआयआरमध्ये वर्षानुवर्षं एक आकडा ठरलेला असायचा: ३०४-अ. हयगयीने मृत्यू, जास्तीत जास्त २ वर्षं कैद. हे कलम दंड संहितेत आलं १८७० साली. मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्यात तशी तरतूद होती, १८६०च्या कायद्यात ती गळली होती. बेंझची मोटार आली १८८६ला! टांग्यांच्या काळातला कोड आपण दीडशे वर्षं हायवेवर चालवला.

आता ड्रायव्हरचा विचार करा. संविधानाचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, जखमीला उपचार मिळवून दे, पोलीस विचारतील ते सांग, पोलीस नसतील तर २४ तासांत ठाण्यात कळव. गप्प बसायचं की बोलायचं?

१९६१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एक रेघ ओढली. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना म्हणजे 'साक्ष' नव्हे. तोंड बंद ठेवता येतं, बोटं नाही.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ जण मेले, ८ जखमी. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरून ६ महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध मानून ३ वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ला ती कायम ठेवली, वर शिक्षा कमीच आहे असंही सुनावलं. परिणामाची 'जाणीव' होती, हे ठरवायला आरोपीच्या कबुलीची गरज पडली नाही. रक्तातली दारू आणि गाडीचा वेग बोलले.

नव्या भारतीय न्याय संहितेत हयगयीला ५ वर्षं आहेत. न कळवता पळालात तर १०. या दहावरून जानेवारी २०२४मध्ये ट्रकवाले संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलैला संहिता लागू झाली, पण हे पोटकलम वगळून.

ट्रकवाल्यांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारेल. ते उगाच नव्हतं. कलम १३४मध्येच जमावाच्या प्रक्षोभाची सूट लिहिलेली आहे. मला वाटतं, 'इथे माणूस पडलाय' एवढं कळवणं सक्तीचं हवंच. पण तो फोन पुढे त्याच ड्रायव्हरविरुद्ध वापरायचा नाही, हेही त्याच पोटकलमात लिहा. मग पळण्याचं एक कारण तरी कमी होईल.