हिंवाळ्यांतील उष्णस्नान : जेन्ताक व जन्ताघर

बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानांतील उणिवांची जी लांबलचक यादी दिली आहे, तींत या देशांत हमाम नाहींत अशीही एक तक्रार आहे. उष्मा, वारा व धूळ या तीन पीडांवर हमाम हाच उपाय, असें त्याचें म्हणणें असून, इ. स. १५२६ च्या विजयानंतर आग्र्यास बागा घालतांना त्यानें तेथें हमामही बांधविला. या तक्रारीवरून पुढें असा समज रूढ झाला कीं, तापविलेल्या घरांत बसून घाम काढणें व ऊन पाण्यानें स्नान करणें ही चालच आमच्याकडे मागाहून आली. बाबराचें विधान खोटें नाहीं. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र टिकणारें नाहीं. तें कसें, हें दोन जुन्या ग्रंथांच्या आधारें दाखविण्याचा येथें विचार आहे.

पहिला ग्रंथ चरकसंहिता. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायांत हेमंत ऋतूची चर्या सांगतांना अभ्यंग, उटणें, मस्तकावर तेल, ऊन्ह व उबदार भूमिगृह यांच्या पंक्तींत ‘जेन्ताक’ हा शब्द येतो. हें स्थळ महत्त्वाचें आहे. जेन्ताक हा केवळ रोग्याचा उपचार असता तर ऋतुचर्येंत त्यास जागा मिळाली नसती. थंडीच्या दिवसांत धडधाकट माणसानेंही तो घ्यावा असाच अर्थ निघतो. हा जेन्ताक म्हणजे काय, याचा उलगडा चौदाव्या, म्हणजे स्वेदाध्यायांत होतो. तेथें अग्नीच्या साहाय्यानें घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतील जेन्ताकाचें वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं गवंड्यानें त्यावरून घर उभें करावें.

जागा निवडावयाची ती काळ्या अगर पिवळ्या, चांगल्या मातीची. जलाशयाच्या दक्षिण किंवा पश्चिम तीरावर, पाण्यापासून सात-आठ अरत्नि अंतरावर. अरत्नि सुमारें दीड फूट धरल्यास हें अंतर दहा-बारा फूट होतें. घराचें तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस, म्हणजे दार उघडतांच समोर पाणी. उंची व रुंदी फार तर सोळा अरत्नि. आकार वाटोळा, भिंती मातीनें लिंपलेल्या, झरोके पुष्कळ. भिंतीच्या कडेनें आंतून एक अरत्नि रुंद व तितकाच उंच असा ओटा दारापर्यंत न्यावयाचा. त्यास ‘पिण्डिका’ म्हटलें आहे. मध्यभागीं पुरुषभर उंचीची, चार किष्कु मापाची, बारीक भोंकांची मातीची भट्टी. तिच्यांत निखाऱ्याचा कोठा व वर झांकण. ती खैराच्या किंवा अश्वकर्णाच्या लांकडांनीं भरून पेटवावयाची आणि लांकूड पुरतें जळून धूर नाहींसा झाल्यावरच, अंगास तेल लावून, आंत शिरावयाचें. स्वेद पुरा झाल्यावर बाहेर येऊन लागलींच गार पाण्याकडे वळावयाचें नाहीं. त्यानें डोळ्यांस अपाय होतो. मुहूर्तभर विसांवा घेऊन मग ऊन पाण्यानें स्नान व नंतर भोजन.

या वर्णनांत एक सूचना अशी आहे कीं तिच्यावर वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. आंत बसलेल्यास वैद्यानें आधींच बजावून ठेवावयाचें असतें कीं, मूर्च्छा आली तरी पिण्डिका सोडूं नको. ती सोडलीस तर दार सांपडणार नाहीं आणि प्राणास मुकशील. परत निघतांनाही त्याच ओट्याच्या अनुरोधानें दार गांठावें. ओटा दारापर्यंत कां न्यावयाचा, याचें कारण येथें कळतें. तो बसण्याची जागा तर आहेच, पण अंधारी आलेल्या माणसाला धरून चालण्याची वाटही आहे.

दुसरा ग्रंथ पाली विनयपिटकांतील चुल्लवग्ग. यांत ‘जन्ताघर’ नांवाच्या तापविलेल्या स्नानगृहाची भिक्षूंस परवानगी मिळाल्याची कथा आहे. ती मागणारा प्रसिद्ध वैद्य जीवक होय. पुढें एकेक अडचण निघते व एकेक नियम होतो. जोतें उंच करावें. तें वीट, दगड किंवा लांकूड यांनीं बांधावें. धूर जाण्यास धुरांडें ठेवावें. चूल लहान घरांत एका बाजूस व मोठ्या घरांत मध्यभागीं असावी. तोंड भाजूं लागलें म्हणून तोंडास माती लावण्याची मुभा मिळाली. त्या मातीसाठीं द्रोणी आली. जमिनीवर चिखल होऊं लागला म्हणून फरसबंदी झाली, पाणी सांचलें म्हणून मोरी झाली. अनुभवानें घडत गेलेल्या घराचा हा इतिहासच आहे.

आणि हें घर राखावें कसें, याचेंही शासन त्याच ग्रंथाच्या वत्तक्खन्धकांत आहे. जो प्रथम जाईल त्यानें सांचलेली राख बाहेर टाकावी. घर, अंगण व देवडी झाडून काढावी. चूर्ण मळावें, माती भिजवावी, पाण्याच्या द्रोणींत पाणी भरावें. जो शेवटीं निघेल त्यानें चिखल धुवावा, मातीची द्रोणी धुऊन ठेवावी, आसनें उचलावीं, विस्तव विझवावा व दार लावून जावें. (ज्या घरीं तांब्याचा बंब रोज पेटत असे, त्या घरच्या वडील माणसांनीं मुलांस याहून निराळें कांहीं सांगितलें असेल असें वाटत नाहीं. राख काढल्याशिवाय नवी ढलपी घालूं नये, हा दंडक आमच्या लहानपणीं वेदवाक्याप्रमाणें पाळला जाई.)

हे नियम कां करावे लागले? षड्वर्गीय भिक्षूंनीं थेरांचा निषेध न जुमानतां पुष्कळ लांकडें रचून विस्तव केला व दार बंद करून तेथेंच बसले. आंतील भिक्षु तापानें व्याकुळ होऊन, दार न मिळाल्यामुळें मूर्च्छित पडले. चरकानें ज्या संकटाचा इशारा दिला तेंच हें संकट. माझ्या मतें जेन्ताक व जन्ताघर हीं एकाच वस्तूचीं नांवें असल्याचा बळकट पुरावा हाच. नुसतें शब्दसादृश्य नव्हे. ब्यूलर यांनीं जन्ताघर म्हणजे ‘यंत्रगृह’ अशी व्युत्पत्ति सुचविली होती. प्राकृतांत यन्त्राचें जन्त होतें हें खरें, परंतु ज्या घरांत चूल, माती व पाणी यांखेरीज कांहीं नाहीं त्यास यंत्राचें घर म्हणणें ओढूनताणून होईल. अभिधानप्पदीपिका त्याचा अर्थ अग्निशाला असा करते, तो सरळ आहे. उलट ‘जेन्ताक’ शब्दास संस्कृतांत समाधानकारक धातु नाहीं. तेव्हां लोकभाषेंतील एकच शब्द वैद्यांनीं एका रूपांत व भिक्षूंनीं दुसऱ्या रूपांत उचलला, असें मानण्याकडे माझा कल आहे. जकाराखालील एकाराची वाट मात्र अजून लागलेली नाहीं.

कोणी म्हणेल, हें घामाचें घर झालें. ऊन पाण्यांत अंग बुडवून बसण्याचें काय? तोही प्रकार त्याच तेरांत ‘अवगाह’ या नांवानें आहे. काढा, दूध, तेल, तूप किंवा ऊन पाणी यांनीं कोष्ठक भरून त्यांत बसावयाचें. अशा द्रोणींचे अवशेष सिंहलद्वीपांत पाहावयास मिळतात. मिहिंतले व पोलोन्नरुव येथील प्राचीन रुग्णालयांच्या जागीं अखंड दगडाच्या औषधी द्रोणी आहेत. त्यांचा पोकळ भाग मनुष्यदेहाच्या आकाराचा कोरलेला आहे. महाग तेल व काढे थोडक्यांत पुरावेत आणि सर्वांगास लागावेत, हा त्यांतील हिशेब उघड दिसतो. सातव्या शतकाच्या अखेरीस चिनी यात्रेकरू इत्सिंग यानेंही स्नानगृह, उघड्यावरील विटांचें कुंड व रोगनिवारक औषधी स्नान हे तिन्ही प्रकार बुद्धाच्या शिकवणींतील म्हणून नोंदले आहेत.

मग बाबराची तक्रार? तो ज्या हमामाची वाण काढीत होता ती वस्तु निराळी. भिंतीआड भट्टी, नळांनीं खेळविलेलें थंड व ऊन पाणी, एकापुढें एक तापत जाणारीं दालनें, ही रचना जेन्ताकांत नाहीं. तिचा नमुना खानदेशालगत तापीकांठीं बऱ्हाणपुरच्या शाही किल्ल्यांत आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यांतील हमाम एकदां तापविण्यास सव्वाशें मण लांकूड लागे असें परंपरेनें सांगतात. इतकें सर्पण जाळणें बादशहास परवडे. विहाराचें काम मातीच्या भट्टीवर भागे. एक राजवैभवाचें अंग झालें, इतकें कीं मोगलांच्या गुसलखान्यांत खासगी मसलती चालत. दुसरें वैद्यकाच्या पोथींत व भिक्षूंच्या दिनचर्येंत राहिलें.

पोथ्यांच्या संग्राहकांस एक विनंती. ‘जेंताक’ लिहितांना लेखकाच्या हातून अनुस्वार गळला कीं ‘जेताक’ होतें, आणि अपरिचित शब्द पाहून पुढचा नकलनवीस तो आपल्या मतीनें सुधारतो. वैद्यकाच्या हस्तलिखितांत हेमंतचर्येचें व स्वेदाचें स्थळ काढून तेथील पाठ आणि समासांतील टीप जशीच्या तशी उतरून घ्यावी. प्रतीचा शक व लेखनस्थळही सोबत टिपावें.