नमस्कार करणारी स्कूटर

लहानपणी मी स्कूटरवर बसून फार कमी प्रवास केला. बहुतेक सगळा उभ्यानेच. बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, हँडलला धरून, पायाखाली रबराची पट्टी. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि तिच्या मांडीवर ताई. साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे आम्ही असे चौघं जायचो. बाबांनी पुढचा ब्रेक दाबला की स्कूटरचं नाक खाली जायचं आणि मला वाटायचं, ही समोरच्याला नमस्कार करतेय.

स्कूटरचं नाव होतं प्रिया. तिचा जन्म साताऱ्याचा, हे मला खूप नंतर कळलं. आपल्या गावात एके काळी स्कूटर बनत होती हे आज साताऱ्यातल्या कॉलेजच्या पोरांना सांगितलं, तर निम्म्यांना ती थाप वाटते.

पण गोष्ट सुरू होते इटलीत. दुसऱ्या महायुद्धात पिआज्जिओ कंपनीचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बेचिराख झाला. विमानं बनवायची सोय उरली नाही, तेव्हा कंपनीने स्वस्त दुचाकी काढायचं ठरवलं आणि ते काम कोर्रादिनो दास्कानियो या इंजिनिअरकडे दिलं. हा माणूस हेलिकॉप्टरवाला, मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. त्यामुळे त्याने मोटरसायकलचं काहीच उचललं नाही. सायकलला किंवा मोटरसायकलला पुढे दोन पायांचा चिमटा असतो. याने चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. पंक्चर झालं की नट काढायचे, चाक बाजूला ओढायचं, दुसरं लावायचं. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि व्हेस्पा रस्त्यावर आली. त्या पहिल्या मॉडेलच्या मागच्या चाकाला सस्पेन्शनच नव्हतं. ते १९४८ च्या १२५ सीसी मॉडेलबरोबर आलं.

आता नमस्काराचं कारण. स्कूटरच्या पुढच्या दांड्याच्या तळाशी एक छोटा आडवा हात असतो. त्याचं एक टोक दांड्याला बिजागरीसारखं जोडलेलं, दुसऱ्या टोकाला चाक. व्हेस्पात बिजागरी पुढे आणि चाक तिच्या मागे. खड्डा आला की चाक वर उचललं जातं, स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी नाचतच राहील, कारण स्प्रिंग जे घेते ते परत देते. म्हणून तिच्या जोडीला शॉकअप लागतो. त्याच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन विरते. स्प्रिंग उधार घेते, शॉकअप ते कर्ज फेडतो.

घोळ ब्रेकच्या वेळी होतो. ब्रेकचा भाग त्याच छोट्या हातावर बसवलेला. ब्रेक लागला की फिरतं चाक त्या हातालाही आपल्याबरोबर फिरवू पाहतं आणि बिजागरी पुढे असल्यामुळे हाताचं मागचं टोक वर जातं. म्हणजे खड्डा नसतानाही स्प्रिंग दबते. त्यात गाडीचं वजनही ब्रेकबरोबर पुढे झुकतं. नाक खाली जाणारच.

हीच रचना भारतात आली. बजाजने पिआज्जिओशी करार करून १९६० च्या सुमारास पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९७१ ला करार संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. तो लायसन्स-परमिटचा काळ. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. लग्न ठरताना मुलाकडे स्कूटरचं बुकिंग आहे की नाही हेही बोलण्यात यायचं.

या टंचाईतून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा त्यात २७ टक्के वाटा, बजाजचा २४ टक्के आणि कारखाना साताऱ्यात. ही जागा अगदीच अनोळखी नव्हती. लोखंडाचं काम या पट्ट्याला आधीपासून माहीत होतं. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० पासून नांगर घडवत होती आणि सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर, पुढे इंजिनं बनत होती. नांगराच्या मुलखात आता स्कूटर आली, प्रिया या नावाने.

मला यातली खरी गोष्ट कारखान्याबाहेर दिसते. दास्कानियोने स्कूटर आखली ती एका, फार तर दोन माणसांसाठी. इकडे तिच्यावर चौघं, शिवाय पायापाशी गव्हाचं पोतं. आणि रस्ते दोन तऱ्हेचे. साताऱ्याच्या बाजूला घाट : पसरणी, यवतेश्वर, खंबाटकी. उतरताना सारखा ब्रेक, सारखी वळणं. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता लाटांसारखा होतो. घाटात नाक खाली जाऊ नये म्हणून पुढचं सस्पेन्शन कडक हवं. लाटांवर तेच कडक सस्पेन्शन चाकाला उड्या मारायला लावतं, आणि उडालेल्या चाकाची रस्त्यावर पकड नसते. एकाच स्प्रिंगने दोन्ही साधायचं कसं?

उत्तर शोधलं गल्लीतल्या मिस्त्रींनी. फिरवून कमी-जास्त करता येईल असा स्क्रू त्या शॉकअपला नव्हता. आमचे मिस्त्री स्प्रिंगखाली एक जाड वायसर टाकायचे. त्याने स्प्रिंग मुळातच थोडी दाबलेली राहते आणि नाक जरा उंच. बिजागरीचे झिजलेले बुश बदलायचे, कारण तिथे ढिलाई असेल तर शॉकअप कितीही चांगला असो, गाडी डोलणारच. हँडलचा कोनसेट इतकाच आवळायचा, की चाक उचलून धरलं तर हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडेल पण खडखडणार नाही. शेवटी हवा : पुढे कमी, मागे जास्त, डबलसीटला मागे आणखी. मग स्वतः एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, “आता घ्या. सांगलीपर्यंत पाठ बोलणार नाही.”

दुसरा उपाय घराघरांत होता. इंजिन उजव्या बाजूला, मागे बाईमाणूस एका अंगाने बसलेलं, सगळं वजन मागच्या चाकावर. पुढचं चाक हलकं आणि हँडल थरथरणारं. म्हणून पोराला पुढे उभं करायचं. ही सोय लाडाची वाटायची, पण ती यंत्राचीही होती. मी त्या स्कूटरच्या सस्पेन्शनचा एक सुटा भाग होतो. आज त्या जागी उभ्या पोराला हेल्मेट नव्हतं हे आठवलं की पोटात गोळा येतो. टंचाईच्या काळात गाडी माणसांना जुळवून घेत नव्हती, माणसं गाडीला जुळवून घेत होती. आणि धक्क्याचा शेवटचा हिस्सा मागे बसलेल्या आईच्या कमरेने घेतला. त्याची नोंद कुठल्याच सर्व्हिस बुकात नाही.

बाहेरच्या जगात ही अडचण सुटत होती. १९७७ मध्ये पीएक्स आणताना पिआज्जिओने पुढचं सस्पेन्शन नव्याने आखलं. आपल्याकडे मात्र रांगच इतकी लांब होती, की मिळेल ती गाडी पेढे वाटून घरी यायची. १९९१ नंतर रांगा संपल्या आणि दोन पायांच्या चिमट्याच्या मोटरसायकलींनी रस्ता व्यापला. साताऱ्यात स्कूटर बनणं थांबलं. महामंडळाचा २७ टक्के वाटा कोणत्या भावाने विकायचा यावर वर्षानुवर्षं वाद चालला, तो २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. आज महाराष्ट्र स्कूटर्स हे नाव तुमच्या शेअरच्या ॲपमध्ये सापडेल, पण गुंतवणूक कंपनी म्हणून. नावात स्कूटर, व्यवहारात शेअर.

जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, विजेवर चालणारी. मी शोरूममध्ये गेलो आणि आधी वाकून पुढचं चाक पाहिलं. अजूनही एकाच बाजूने धरलेलं. पण तो छोटा हात आता उलटा होता : बिजागरी मागे, चाक पुढे. म्हणजे ब्रेक लागल्यावर हाताचं टोक वर जायच्याऐवजी खाली रेटलं जाणार आणि नाक सावरलं जाणार.

चक्कर मारताना मी मुद्दाम पुढचा ब्रेक दाबला. स्कूटरने नमस्कार जवळजवळ केलाच नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, “चाकाचं राहू दे. मागची सीट कशी आहे ते सांग.”