परसातील पिल्लांचे लसीकरण व संगोपन (काशीगाव परिसर)

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठ आठवड्यांत पुरवायची ऊब, खाद्य, पाणी व स्वच्छता आणि त्याच काळात ठरावीक वयाला टोचायच्या किंवा डोळ्यात घालायच्या लसी, यांचा समावेश या विषयात होतो. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले काशीगाव एका बाजूने महामार्ग व मेट्रोच्या पट्ट्यात, तर दुसऱ्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाजवळ वसले आहे. अशा निमशहरी वस्तीत दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्याची अडचण व्यावसायिक कुक्कुटपालकापेक्षा निराळी असते, कारण लस, तिची बाटली आणि तिचे वेळापत्रक ही सर्व हजारो पक्ष्यांचा हिशेब धरून तयार झालेली आहेत.

कोंबडीचे अंडे सुमारे 21 दिवसांत उबते. पिल्लाच्या पोटात शोषला गेलेला बलक त्याला पहिले दोन-तीन दिवस पोसू शकतो, आणि म्हणूनच एक दिवसाची पिल्ले लांबवर पाठवता येतात. तथापि पाणी व खाद्य जितके लवकर मिळेल तितके चांगले. खुडूक कोंबडीखाली उबलेल्या पिल्लांना आईची ऊब पुरते. उबवणूक केंद्रातून आणलेल्या पिल्लांसाठी मात्र पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे उभारून त्यात दिवा टांगावा लागतो व पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखून ते दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी उतरवावे लागते. या किनारी भागात मे महिन्याच्या दुपारी दिव्याची गरज नसते, पण जानेवारीच्या पहाटे आणि पावसाळी रात्री ती असते. तापमापकापेक्षा पिल्लांच्या वागण्यावर विश्वास ठेवणे अधिक शहाणपणाचे, कारण दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवणारी पिल्ले गारठलेली असतात, कडेला जाऊन चोच उघडी ठेवणारी तापलेली असतात आणि सगळी एकाच बाजूला सरकली तर वाऱ्याचा झोत येत असल्याचे समजावे.

जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा हा येथील सर्वांत मोठा शत्रू होय. जमिनीवर पसरलेले भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा ओला राहिला की आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीची विष्ठेतून पडलेली बीजे त्यात पक्व होतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. परसातल्या पालकाच्या हाती तिच्यावर लस सहसा नसते. तूस दररोज उलथून कोरडे ठेवणे, पाण्याचे भांडे किंचित उंचावर ठेवणे आणि गरजेनुसार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून औषध देणे एवढेच उपाय उरतात.

लसींमध्ये पहिले स्थान राणीखेत किंवा मानमोडी या विषाणुजन्य रोगावरील लसीला आहे. हा रोग 1926 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे व जावा बेटावर नोंदला गेला आणि त्यानंतर लगेचच कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्याने भारतात त्या गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. लासोटा किंवा एफ या सौम्य वाणाची जिवंत लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात अथवा नाकपुडीत एक थेंब टाकून देतात. ती पहिल्याच दिवशी न देण्यामागे कारण आहे. लस दिलेल्या आईकडून बलकावाटे आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने, लसीच्या विषाणूलाही निष्प्रभ करू शकतात. जिला कधीच लस मिळालेली नाही अशा गावठी कोंबडीच्या पिल्लांत ही ढाल नसते, म्हणून त्यांच्या बाबतीत दिरंगाई अधिक घातक ठरते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटाची पुनर्मात्रा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही तुलनेने तीव्र लस टोचतात. ही दुसरी लस सहा आठवड्यांखालील किंवा आधी सौम्य लस न मिळालेल्या पक्ष्यांना देऊ नये, कारण तिच्यानेच पक्षी आजारी पडू शकतात.

मरेक या अर्बुदकारक रोगावरील लस मात्र पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली द्यावी लागते. हंगेरियन पशुवैद्यक योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये वर्णिलेला हा रोग पिसांच्या कोंड्यातून पसरतो. लसीचा एक प्रकार द्रव नायट्रोजनमध्ये साठवावा लागत असल्याने घरी उबवलेल्या पिल्लांना ती क्वचितच लाभते. विकतची पिल्ले घेताना ती दिली आहे का, हे केंद्रात विचारून घेणे हा व्यवहार्य मार्ग होय. गंबोरो रोगावरील लस साधारण चौदाव्या दिवशी आणि देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ पडद्यात टोचून देतात.

लहान कळपाचा खरा पेच लसीच्या किमतीत नाही, तो बाटलीच्या आकारात आहे. लासोटाची बाटली सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि द्रावकात मिसळल्यावर ती एक-दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांचा मालक उरलेली लस फेकून देतो, आणि पुढच्या खेपेस लस आणतच नाही. आळीतील चार-पाच घरांनी खुडूक कोंबड्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवल्या, तर सर्व पिल्ले एकाच वयाची निघतात आणि एका बाटलीत सर्वांचे काम उरकते. मोठ्या पक्ष्यांना लस द्यायची असल्यास पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी पोहोचावे. एकदा मोकळ्या सुटलेल्या कोंबड्यांमागे धावण्यात लसीचे आयुष्य संपते.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात, बर्फ भरलेल्या थर्मासमधून आणावी व उन्हापासून दूर ठेवावी. पाण्यातून लस देताना नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिचा नाश करते, हा शहरी पुरवठ्यावर जगणाऱ्या वस्तीतला नेहमी दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे; क्लोरीनविरहित पाण्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून मगच लस घालावी. थोड्या पिल्लांसाठी मात्र डोळ्यातील थेंबच अधिक खात्रीचा. लसीचा थेंब माणसाच्या डोळ्यात उडाल्यास डोळे येऊ शकतात, म्हणून हात धुणे आवश्यक असते. आजारी पिल्लांना लस देत नाहीत.

काशीगावपासून फार दूर नसलेल्या गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तर राज्य शासनाची लसनिर्मिती पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत होते. बर्ड फ्लू मात्र या वेळापत्रकात बसत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील त्याचा पहिला उद्रेक झाला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे जिल्ह्याच्याच शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे तो आढळला. दोन्ही ठिकाणी पक्षी मारून टाकण्याचाच उपाय योजला गेला. त्यामुळे कळपात एकाएकी मोठी मरतूक झाल्यास मेलेले पक्षी न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे लागते.