समुद्रसपाटीवरील वायुदाब : रत्नागिरी व कोकण किनारा

निरनिराळ्या उंचीवरील वेधशाळांत मोजलेले वायुदाब परस्परांशी ताडून पाहता यावेत म्हणून ते समुद्रसपाटीवर किती असते, हे गणिताने काढतात. या क्रियेस दाबाचे समुद्रसपाटीवर रूपांतर म्हणतात. हवामान नकाशावरील समदाब रेषा अशा रूपांतरित मूल्यांवरूनच काढल्या जातात.

उंचीनुसार दाब घटतो, हे ब्लेझ पास्काल यांच्या सूचनेवरून १६४८ मध्ये फ्रान्समधील प्वी द दोम पर्वतावर केलेल्या प्रयोगाने सिद्ध झाले. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये उंची व दाब यांचा लॉगरिथमीय संबंध मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाप्लास यांनी त्यात तापमान व गुरुत्व यांचा समावेश केला.

मुंबई इलाख्यात कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती; तथापि प्रांतोप्रांतीच्या वेधांत एकसूत्रता नव्हती. १८६४ चे कलकत्त्याचे विध्वंसक चक्री वादळ आणि १८६६ व १८७१ मधील अवर्षणे यांमुळे ही उणीव तीव्रतेने जाणवली. १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन होऊन एच्. एफ्. ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले आणि देशभरचे वेध एका पद्धतीखाली आले. रूपांतरासाठी वेधशाळेची अचूक उंची माहीत असावी लागते. भारतीय सर्वेक्षण खात्याने १८५८–१९०९ या काळात केलेल्या तलेक्षणामुळे व नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरविलेल्या सरासरी समुद्रसपाटीमुळे तिला भक्कम आधार मिळाला.

रत्नागिरीच्या अक्षांशावर (सु. १७° उ.) गुरुत्व प्रमाण मूल्यापेक्षा कमी असल्याने पाऱ्याचा स्तंभ थोडा उंच राहतो, त्यासाठी वाचनातून सु. २·२ मिलिबार वजा करावे लागतात. तापमान २८° से. असल्यास पाऱ्याच्या प्रसरणापोटी आणखी सु. ४·६ मिलिबार वजा होतात. यानंतर उंचीची भर घालतात. दाबमापक समुद्रसपाटीपासून ६० मी. उंचीवर आहे असे मानल्यास ही भर सु. ६·८ मिलिबार येते.

या भरीचे महत्त्व पावसाळ्यात विशेष असते. कोकण किनाऱ्यावर मुसळधार पाऊस आणणाऱ्या किनारी न्यून दाबाच्या द्रोणीतील दाबफरक पुष्कळदा अवघा १-२ मिलिबार असतो. रूपांतर केले नाही, तर पठारावरील वेधशाळेत कायमच न्यून दाब असल्याचा भास होईल आणि खरी द्रोणी झाकली जाईल.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र ही पद्धत दुबळी ठरते. वेधशाळा व समुद्रसपाटी यांच्यामध्ये प्रत्यक्षात खडक असल्याने तेथील हवेच्या स्तंभाचे तापमान कल्पावे लागते. उंची १,३५० मी. असल्यास या कल्पित तापमानातील ३° से. चुकीने रूपांतरित दाबात सु. १·६ मिलिबार फरक पडतो. म्हणजे द्रोणीच्या खोलीइतकीच चूक होते. म्हणून अतिउंच केंद्रांसाठी समुद्रसपाटीवरील दाबाऐवजी ८५० मिलिबारसारख्या ठराविक दाबपृष्ठाची उंची देतात.

पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अंमलात आला. पाऱ्याच्या दाबमापकांची जागा इलेक्ट्रॉनीय उपकरणे घेत असून त्यांना पाऱ्याच्या प्रसरणाची व गुरुत्वाची शुद्धी लागत नाही. उंचीचे रूपांतर मात्र त्यांनाही चुकत नाही.