एक मोडेम, दोन संगणक आणि ‘पी.पी.’ क्रमांक #थ्रेड

१/ आमच्या सोलापुरातील जुन्या लग्नपत्रिका चाळल्या, की काही दूरध्वनी क्रमांकांपुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे आढळतात. अर्थ साधा : फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. पुढे घरगुती इंटरनेटनेही हीच युक्ती स्वीकारली. ती कशी, ते पाहू.

२/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे जनतेसाठी इंटरनेट खुले केले. चित्रांसह पाने दाखवणारी जोडणी व्यक्तिगत ग्राहकास २५० तासांसाठी १५,००० रुपयांना पडे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. तरी बहुतेक घरांत फोनची तार एकच होती.

३/ बाहेरून जोडायचा मोडेम म्हणजे लुकलुकत्या दिव्यांची लहानशी पेटी. संगणकाचे अंक ती आवाजात बदले आणि समोरून आलेला आवाज पुन्हा अंकांत. सिरियल पोर्टमधून ती एका वेळी एकाच संगणकाशी बोले. घरात दोन संगणक असल्यास केबल काढून दुसऱ्याला लावायची, अर्थात पाळीपाळीने.

४/ दोघांना एकाच वेळी का नाही? खरी अडचण पत्त्याची होती. एका जोडणीस एकच पत्ता मिळे. जगभरातील एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते अपुरे पडणार हे अभियंत्यांनी ओळखले होते. मे १९९४ मध्ये एगेवांग व फ्रान्सिस यांनी पत्ता-बदलाची ‘नॅट’ ही पद्धत मांडली.

५/ १९९९ च्या ‘विंडोज ९८ सेकंड एडिशन’ने याच तत्त्वावरील सोय घरात आणली. मोडेम पहिल्या संगणकाला, दोहोंत नेटवर्क कार्ड, मध्ये क्रॉसओव्हर केबल. पहिला संगणक १९२.१६८.०.१ हा घरापुरता पत्ता घेई, दुसऱ्याची मागणी आपल्या पत्त्यावरून बाहेर धाडी, तिची नोंद ठेवी आणि आलेले उत्तर त्याच्याकडे पोहोचवी. पहिला बंद झाला, की दुसराही तुटे.

६/ मात्र एक भेद महत्त्वाचा. पी.पी.वाले शेजारी बाहेरून आलेल्या फोनसाठीही हाक मारत. ‘नॅट’पाशी नोंद असते ती आतून निघालेल्या मागण्यांचीच, अनाहूत निरोप दारातच अडतो. घरचा संगणक जगाकडे मागू शकला. जगाला मात्र त्याच्याकडे थेट येता येईना. आपण इंटरनेटचे प्रामुख्याने ग्राहक झालो, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक.

७/ आजचा वाय-फाय राऊटर हेच काम मुकाट्याने करतो. टंचाईतून निघालेली तात्पुरती तोड कायमची व्यवस्था झाली.

८/ घरात जुना मोडेम असेल, तर भंगारात देण्यापूर्वी आई-वडिलांना एवढे अवश्य विचारा : पहिली पाळी कोणाची असे, मुलाची की मुलीची? तांत्रिक दस्तऐवजांत याचे उत्तर नाही. ते घरोघरच्या आठवणींतच आहे, आणि ते टिपून ठेवणे हेही इतिहासाचेच काम आहे.