बैल आणि पट्टकृमी

बैल आणि पट्टकृमी ही दोन नावे एका दमात घेतली, तर श्रोत्यांना नवल वाटेल. एकाची आपण पोळ्याला पूजा करतो. दुसऱ्याचे नाव चारचौघांत काढणेही आपल्याला प्रशस्त वाटत नाही. बैलाच्या जठराला चार कप्पे. खाल्लेले गवत तो सावकाश रवंथ करून पुन्हा चघळतो. पट्टकृमीला तोंड नाही, जठरही नाही. यजमानाच्या आतड्याला डोके चिकटवून तो आयता अन्नरस सर्वांगाने शोषून घेतो. पण बैल तरी सर्वस्वी स्वावलंबी कुठे आहे? गवतातील चिवट अंश पचवण्याचे काम त्याच्या पोटातील असंख्य सूक्ष्म जीव करतात. भेद एवढाच, की बैल त्यांना आसरा देतो आणि ते त्याला पोषण देतात. पट्टकृमी केवळ घेतो.

या दोघांचे नाते उमगायला माणसाला फार काळ लागला. मांसात आढळणारे वाटाण्याएवढे पाणीदार फोड आणि आतड्यातील हजार-दोन हजार पेरांची लांबलचक फीत हे दोन निराळे जीव आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. १८५५ साली क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्याने देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, डुकराच्या मांसातील फोड खाऊ घातले. मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी मिळाले. ज्ञान लाभले, पण ज्या मार्गाने लाभले तो आठवला की मन आजही अस्वस्थ होते. पुढे लॉयकार्टने माणसाच्या आतड्यातील पट्टकृमीची पेरे वासराला चारली, तेव्हा त्या वासराच्या मांसात फोड धरले. १८७०च्या सुमारास हिंदुस्थानातील लष्करी डॉक्टर ऑलिव्हर यांनी, असे मांस खाणाऱ्याला पट्टकृमी होतो, हे दाखवून अखेरचा दुवा जुळवला. चरणारे जनावर माणसाला कृमी देते हे खरे. पण कुरणात मलविसर्जन करून तो आधी जनावराला देतो माणूसच!

डुकरात वाढणारी या कृमीची भावंड-जात याहून घातक. तिची कथा आपल्याला चंडीगढला नेते. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या त्या रेखीव नगरात १९६२ साली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था स्थापन झाली. पंजाब, हरियाणा, हिमाचल येथून फेफऱ्याचे रुग्ण तेथे येत. पुढे मेंदूची अंतर्चित्रे घेणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांतील अनेकांच्या मेंदूत याच कृमीचे फोड दिसले. देशातील अशा रुग्णांत मांसाला कधी न शिवलेलेही पुष्कळ असतात. कारण येथे मांस खावे लागत नाही. कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या भाजीवरून वा पाण्यातून पोटात गेली की पुरे.

म्हणून या इतिहासात बैलाला दोष देऊ नये, डुकरालाही नको. नगर कितीही रेखीव आखले, तरी आखणीच्या रेषा या अंड्यांना अडवीत नाहीत. त्यांना अडवतात ते स्वच्छ शौचकूप, नीट शिजलेले अन्न आणि जेवणापूर्वी धुतलेले हात.